दुर्मीळ रानमाशी आणि तुमचा मोबाईल: ॲपने सांगितलेल्या नावावर कितपत विश्वास ठेवायचा?

टेकडीवर फिरताना काटेरिंगणीच्या जांभळ्या फुलावर निळसर पट्ट्यांची एक माशी दिसते. तुम्ही फोटो काढता, ॲपमध्ये टाकता आणि दोन सेकंदांत नाव हजर. स्टेटसला लावून मोकळे! माशी नेहमीची असेल तर ते नाव बरोबर निघतं, निदान जवळपास तरी जातं. पण ती खरोखर दुर्मीळ असेल तर ॲप चुकण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते, आणि ते चुकलंय हे तुम्हाला कळतही नाही. असं का होतं, आणि साध्या मोबाईलवर असा फोटो कसा काढायचा की जो पाहून माशांचा अभ्यासक काहीतरी ठामपणे सांगू शकेल, हे या लेखात बघू. मी पोटापाण्यासाठी ॲप बनवतो, कीटकशास्त्रज्ञ नाही. पण गेली चार वर्षं पुण्याच्या टेकड्यांवर आणि सह्याद्रीत मोबाईल घेऊन या माशांच्या मागे हिंडतोय, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या अडचणी चांगल्याच ओळखीच्या झाल्या आहेत.

पोळं नसलेल्या मधमाश्या

मधमाशी म्हटलं की आपल्याला पोळं आठवतं. आपल्याकडच्या आग्या, सातेरी आणि फुलोरी या पोळं करणाऱ्या देशी माश्या. चौथी पोयाची माशी, जेमतेम ४ मिलिमीटरची, नांगी नसलेली. भिंतीच्या फटीत किंवा विजेच्या मीटरच्या पेटीत राहते आणि दाराशी मेण-डिंकाची छोटी नळी काढते. पेटीत पाळतात ती मेलिफेरा मात्र बाहेरून आणलेली. या पाच माश्यांवर आपली यादी संपते, पण जगात मधमाशीवर्गातल्या २०,००० हून जास्त जाती आहेत आणि भारतातच ७०० च्या वर. यातल्या बहुतेक एकांड्या असतात: राणी नाही, कामकरी नाहीत, मध साठवणं नाही. मादी एकटीच मातीत, पोकळ काडीत किंवा लाकडात बीळ करते, परागाचा गोळा ठेवून त्यावर अंडं घालते आणि दार बंद करते.

तुमच्या ओळखीचा काळा भुंगा यांच्यातलाच. गुलाबाच्या किंवा तुरीच्या पानाला कंपासने कापल्यासारखं गोल भोक दिसलं तर ते पानकाप्या माशीचं काम. तुळशीवर येणारी हिरवी चकचकीत बारीक माशी, वांग्याच्या फुलाला लटकून 'झूंऽऽ' करणारी निळ्या पट्ट्यांची ॲमेजिला, आणि तिच्या बिळात गुपचूप अंडं घालून जाणारी निळ्या ठिपक्यांची थायरियस, म्हणजे माश्यांमधली कोकिळा. वांगी, टोमॅटो आणि काटेरिंगणीच्या फुलांचे पराग नुसतं बसून मिळत नाहीत, फूल जोरात थरथरवावं लागतं. पेटीतल्या मधमाशीला ते जमत नाही, ॲमेजिलाला आणि भुंग्याला जमतं. म्हणजे या माश्या गेल्या तर नुसती एक सुंदर गोष्ट जाते असं नाही.

यातली दुर्मीळ कोणती? इथेच खरी गोची आहे. युरोपात २०१४ मध्ये १,९६५ जातींचा आढावा घेतला गेला. त्यातल्या सुमारे ९ टक्के धोक्यात निघाल्या, पण जवळपास ५७ टक्के जातींबद्दल काही ठरवण्याइतकी माहितीच नव्हती. जिथे दोन-अडीचशे वर्षं हौशी लोक जाळी घेऊन फिरतायत तिथली ही स्थिती. आपल्याकडे माशी ओळखायला आजही चार्ल्स बिंगहॅम या लष्करी अधिकाऱ्याचं १८९७ चं पुस्तक उघडावं लागतं. तेव्हा 'दुर्मीळ' म्हणजे संख्येने कमी, की कुणी बघितलीच नाही म्हणून कमी, हे आधी नोंदी जमल्याशिवाय कळणार नाही. आणि नोंद करायचं यंत्र तुमच्या खिशात आहे.

ॲप नेमकं कुठे चुकतं?

फोटोवरून नाव सांगणारं मॉडेल ठरावीक यादीतूनच निवड करतं. ज्या जातीचे पुरेसे फोटो आधी जमलेत तीच जात त्या यादीत येते. दुर्मीळ माशीचे फोटो नसतातच, म्हणून ती यादीत नसते. समजा परीक्षेत चार पर्याय दिलेत, बरोबर उत्तर त्या चारांत नाही आणि प्रश्न सोडून द्यायची मुभाही नाही. मॉडेल काय करेल? दिसायला सर्वांत जवळची आणि फोटो भरपूर असलेली, म्हणजे सर्रास आढळणारी जात निवडेल. दुर्मीळ माशी ॲपमध्ये शिरते आणि नेहमीची माशी होऊन बाहेर पडते. त्यातून आपण 'हो, हीच' म्हणून बटण दाबलं की चुकीच्या नावाचा आणखी एक फोटो जमा होतो, आणि पुढच्या वेळी मॉडेल तीच चूक जास्त आत्मविश्वासाने करतं.

ठिकाणाचा गोंधळ वेगळाच. गुगल लेन्स मुळात इंटरनेटवर तसे दिसणारे फोटो शोधतं. ॲमेजिला सिंग्युलाटा ही ऑस्ट्रेलियातली जात, पण आपल्याकडच्या निळ्या पट्टेवाल्या माश्यांच्या फोटोंखाली हे नाव सर्रास चिकटवलेलं सापडतं. आयनॅचरलिस्टमध्ये 'जवळपास आढळणाऱ्या' जातींपुरत्या सूचना बघता येतात, त्यामुळे हा गोंधळ बराच कमी होतो. त्याच लोकांचं 'सीक' हे ॲप मला नवख्यांसाठी त्याहून बरं वाटतं, कारण खात्री नसेल तिथे ते कुळापाशी किंवा प्रजातीपाशीच थांबतं. फक्त सीकमध्ये काढलेला फोटो तुम्ही स्वतः पाठवल्याशिवाय आयनॅचरलिस्टवर जात नाही, एवढं लक्षात ठेवा.

तुम्हीही तसंच थांबा. निळे पट्टे दिसले तर 'ॲमेजिला' एवढंच लिहा, पुढचं नाव रिकामं सोडा. तेवढीही खात्री नसेल तर नुसतं 'मधमाशी' लिहिलं तरी चालतं. आणि ती मधमाशी आहे ना, हे आधी बघा! मधमाशीची नक्कल करणाऱ्या साध्या माश्या फुलांवर भरपूर येतात. त्यांना पंखांची एकच जोडी असते, मिशा अगदी आखूड असतात आणि अख्खं डोकं म्हणजे जणू डोळेच. मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या आणि लांब, कोपरात वाकल्यासारख्या मिशा असतात.

मेगापिक्सेल विसरा, माशीवर किती पिक्सेल पडतात ते मोजा

फोन ५० मेगापिक्सेलचा असो की १०८ चा, साधा फोटो बहुतेक वेळा १२ मेगापिक्सेलचाच साठवला जातो, म्हणजे रुंदीत ४,००० पिक्सेल. फोनचा मुख्य कॅमेरा १० सेंटिमीटरवरून साधारण १४-१५ सेंटिमीटर रुंदीचा भाग टिपतो. म्हणजे १० मिलिमीटरच्या माशीच्या वाट्याला जेमतेम २७० पिक्सेल येतात आणि पोयाच्या माशीला शंभरच्या आसपास. माशीचं कुळ ओळखताना पंखाच्या शिरांनी बनलेले कप्पे मोजावे लागतात. शंभर पिक्सेलच्या माशीत ते दिसणं अशक्यच.

मग जवळ जायचं. महागड्या फोनमधला मॅक्रो मोड प्रत्यक्षात अल्ट्रावाइड कॅमेरा वापरतो आणि ३ सेंटिमीटरपर्यंत फोकस करतो, तिथे त्याच माशीला ५०० च्या आसपास पिक्सेल मिळतात. पण ३ सेंटिमीटरवर फोनची सावली फुलावर पडते आणि माशी उडते. स्वस्त फोनमधली २ मेगापिक्सेलची वेगळी 'मॅक्रो लेन्स' ही जाहिरातीपुरती असते, माझ्या मते ती वापरूच नका. त्यापेक्षा काही शे रुपयांत मिळणारी क्लिपची मॅक्रो लेन्स मुख्य कॅमेऱ्यावर लावा. कडा थोड्या धूसर येतात, पण मध्यभागी माशीवर हजारभर पिक्सेल सहज पडतात. टेलिफोटो असेल तर दुरून टिपता येतं, फक्त एक सापळा आहे: फार जवळ गेलात की फोन गुपचूप मुख्य कॅमेऱ्यावर उडी मारतो आणि त्याचाच भाग कापून मोठा करून दाखवतो. टेलिफोटोच्या लेन्सवर बोट ठेवून बघा. चित्र झाकलं गेलं नाही तर समजा तुमची फसवणूक चालू आहे.

दुसरा मुद्दा हालचालीचा. मधमाशीचे पंख सेकंदाला दोनशेहून जास्त वेळा हलतात, ते गोठवण्याच्या भानगडीत पडू नका. अंग स्थिर यायला हवं. प्रो मोडमध्ये शटर १/१००० वर ठेवा, आयएसओ ऑटोवर सोडा आणि उन्हाचा फायदा घ्या. ऑटो मोडमध्ये फोन एका क्लिकमध्ये अनेक फोटो घेऊन एकत्र शिवतो. हलत्या माशीच्या बाबतीत या शिवणकामात पाय दुहेरी येतात किंवा गायब होतात. वर एआय शार्पनिंग आलं की नसलेले केस दिसायला लागतात. ज्या माशीची ओळख केसांच्या रंगावर ठरते तिच्या बाबतीत हा प्रकार म्हणजे पुराव्यात फेरफार! एआय एन्हान्स, ब्युटी, सीन ऑप्टिमायझर जे काही असेल ते बंद करा. रॉ फाइल घेता येत असेल तर उत्तम.

बर्स्ट लावून एका वेळी वीस-तीस फोटो घ्या. तेही जमत नसेल तर ४के व्हिडिओ घ्या, त्याची एक चौकट ८ मेगापिक्सेलची असते. स्लो-मोशनबद्दल मात्र फार आशा ठेवू नका. ऑस्ट्रेलियातल्या निळ्या पट्ट्यांच्या माशीवर झालेल्या एका अभ्यासात ती फुलाच्या परागकोशावर सेकंदाला सुमारे ३५० वेळा डोकं आपटते असं दिसलं. तुमचा फोन सेकंदाला २४० चौकटी घेतो. सिग्नल प्रोसेसिंगचा पेपर आठवत असेल तर पुढचं सांगायला नको.

कोणत्या बाजूने काढायचा?

फुलावर बसलेल्या माशीचा वरून काढलेला देखणा फोटो लाईक मिळवतो, पण अभ्यासकाला तो एकटा पुरत नाही. बाजूने एक हवा, त्यात पाय आणि पोटाची खालची बाजू दिसते. पराग कुठे चिकटलेत यावरून खूप कळतं: पानकाप्या माशी पराग पोटाखाली वाहते, बऱ्याच इतर माश्या मागच्या पायांवर. समोरून चेहऱ्याचा एक, कारण अनेक जातींत नराचा चेहरा पिवळा किंवा पांढरा असतो. आणि माशी पराग गोळा करताना पंख मिटते-उघडते तेव्हा पंखाचा एक. चारही मिळणं म्हणजे नशीब, दोन मिळाले तरी मी खूश असतो. माशी उडून गेल्यावर त्याच फुलाशेजारी एक रुपयाचं नाणं धरून फोटो घ्या, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. सोबत त्या झाडाच्या पानांचाही एक असू द्या, म्हणजे फूल कोणतं तेही ठरतं.

आणि सगळ्यात सोपी युक्ती: झोपलेली माशी शोधा. ॲमेजिलाचे नर रात्री बिळात जात नाहीत. संध्याकाळी सूर्य कलला की वाळक्या काडीला जबड्याने घट्ट चावून, पाय आवळून तसेच लटकून झोपतात, कधी एकाच काडीवर ओळीने. थायरियसही अशीच झोपते. पहाटे अंग गार असतं, ऊन लागेपर्यंत त्या हलत नाहीत. शटर १/३० ठेवलं तरी चालतं, फोकसला हवा तेवढा वेळ मिळतो, पंखांच्या शिरा मोजता येतात. पावसाळ्याचे शेवटचे दिवस ते ऑक्टोबर, गवताची मोकळी जागा, संध्याकाळी साडेपाच-सहा वाजता काडी हेरून ठेवा आणि सकाळी सूर्य उगवायच्या आत परत या. फ्लॅश नको, काडी हलवायची नाही, मोडून घरी आणायची तर मुळीच नाही.

एक माशी मात्र या वेळापत्रकात बसत नाही. भीमाशंकरच्या जंगलात झायलोकोपा ट्रँक्वेबेरिका नावाचा भुंगा पूर्णपणे रात्री उडतो, अगदी चंद्र नसलेल्या रात्रीही. हेमा सोमनाथन, रेनी बोर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे हे अभ्यासलं. त्याच अभयारण्यात वारसाच्या झाडाची फुलं रात्री उमलतात आणि त्यांचं परागीकरण झायलोकोपा टेनुइस्कापा हा दुसरा भुंगा करतो. दिवसा उडायला बनलेले डोळे घेऊन अंधारात रंग आणि वाट शोधणं ही अफाट गोष्ट आहे. पण फोनच्या नाइट मोडने हे टिपायला जाऊ नका. नाइट मोड सेकंद-दोन सेकंद प्रकाश गोळा करतो, तेवढ्यात भुंगा फुलावरून निघूनही गेलेला असतो. शिवाय अभयारण्यात रात्री परवानगीशिवाय हिंडता येत नाही. काही कामं अभ्यासकांवरच सोडावीत.

आग्या मोहोळ हे तसंच दुसरं काम. कड्यावर, बुरुजाखाली, उंच झाडावर ते दिसलं तर जवळ जायचं नाही, ड्रोन नाही, धूर नाही, ओरडाआरडा नाही. गडांवर मोहोळ उठल्याच्या बातम्या आपण वाचतोच. एक माशी चावली की त्या वासाने बाकीच्या येतात. फोटो राहू द्या, तोंड झाका आणि लांब पळा.

तारीख आणि जागा नसेल तर तो फक्त वॉलपेपर

फोटोच्या फाइलमध्ये चित्राबरोबर तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश असतात. याला एक्झिफ म्हणतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन टॅग चालू आहे का ते घरीच तपासा. गडावर रेंज नसली तरी जीपीएस चालतं, कारण ते उपग्रहाकडून येतं. फक्त रेंज नसताना पहिल्यांदा जागा सापडायला वेळ लागतो, म्हणून चढायला लागण्याआधी मिनिटभर मॅप उघडून ठेवा.

गळती होते ती नंतर. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की एक्झिफ उडतं आणि चित्रही दाबलं जातं. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलं तर मूळ फाइल जाते. ॲन्ड्रॉइड १० पासून ॲपने वेगळी परवानगी मागितल्याशिवाय त्याला फोटोतलं लोकेशन मिळत नाही, त्यामुळे अपलोड केल्यावर नकाशावर टाचणी योग्य जागी पडलीय ना, हे दर वेळी बघा.

हे इतकं घोळवून सांगतोय त्याला कारण आहे. माझ्या घराजवळच्या एका मैदानाच्या कडेला मातीची कंबरभर उंच दरड होती. उन्हाच्या बाजूला पेन्सिल जाईल एवढी बिळं, आणि त्यांत ॲमेजिला. मागे सुशोभीकरणात ती दरड सिमेंटने लिंपली गेली. ज्यांनी लिंपली त्यांना तिथे काही राहतं हे माहीत असायचं कारणही नव्हतं, त्यांच्या दृष्टीने ती पडकी माती होती. आज तिथे त्या माश्या होत्या याचा पुरावा म्हणजे दोन पावसाळ्यांतल्या माझ्या नोंदी, तारीख आणि जागेसकट. मित्रांनी तिथेच काढून ग्रुपवर टाकलेले फोटो माझ्याहून चांगले आहेत, पण ते कुठले आणि कधीचे हे आता कुणीही सिद्ध करू शकत नाही.

जागा कधी लपवायची?

१९८१ नंतर कुणी जिवंत पाहिली नव्हती अशी वॉलेसची महाकाय माशी जानेवारी २०१९ मध्ये इंडोनेशियाच्या उत्तर मोलुक्का बेटांवर पुन्हा सापडली. मादी जवळपास ३८ मिलिमीटर लांब. त्याआधी २०१८ मध्ये तिचा एक वाळवलेला नमुना इंटरनेटवरच्या लिलावात ९,१०० डॉलरला विकला गेला होता. म्हणून शोधणाऱ्यांनी नेमकी जागा जाहीर केली नाही.

आयनॅचरलिस्टवर नोंद करताना जागा 'अस्पष्ट' ठेवायचा पर्याय असतो. मग टाचणी सुमारे २०-२२ किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी दिसते. धोक्यातल्या म्हणून नोंदवलेल्या प्राण्यांची जागा ॲप आपोआप लपवतं, पण आपल्या बहुतेक माश्यांचं तसं मूल्यमापनच झालेलं नाही, त्यामुळे ते तुम्हालाच ठरवावं लागतं. माझा नियम साधा आहे. पोयाच्या माशीचं घर, भुंग्याचं लाकूड, एखादी मोठी वसाहत, म्हणजे कुणी जाऊन खणू शकेल अशी जागा असेल तर लपवायची. फुलावर दिसलेली माशी उघडी ठेवायची. टेकडीवर उद्या रस्ता निघाला तर उघड नोंदच कामाला येते.

अपलोड केल्यावर धीर धरा. तारीख, जागा, फोटो असेल आणि ओळखणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक लोक एका जातीवर सहमत झाले, किमान दोघं तरी, की नोंद 'रिसर्च ग्रेड' होते, आणि योग्य परवाना दिला असेल तर ती जीबीआयएफ या जागतिक साठ्यात जाते. इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवरही नोंद करता येते. मराठी किंवा भारतीय माश्या ओळखणारे लोक मोजके आहेत, महिनोन्‌महिने काही उत्तर येत नाही. उत्तर आलं तर बहुतेक वेळा ते प्रश्नाच्या रूपात येतं: 'पंखाचा फोटो आहे का?' त्यामुळे बर्स्टमधले उरलेले, धूसर वाटणारे फोटो डिलीट करू नका, मेमरी भरली तर कॉम्प्युटरवर काढून ठेवा. माझ्या एका नोंदीवर चौदा महिन्यांनी हाच प्रश्न आला. पंख नीट आलेला एक फोटो बर्स्टमध्ये होता, तो टाकला. दुसऱ्या दिवशी उत्तर: 'लॅसिओग्लॉसम, मादी. पुढे फोटोवरून सांगता येणार नाही.'